शतावरीला दिलेलं आवतण

कोल्हापूरला कुणी देवीच्या दर्शनाला जातं, कुणी कुस्त्या बघायला, कुणी नुसतं तांबड्या रश्श्यासाठी. मी गेलो ते दुखरं पोट घेऊन. परत आल्यावर ओळखीची मंडळी विचारतात, काय काय पाहिलंस? मी रंकाळा सांगतो, गुऱ्हाळ सांगतो, धारोष्ण दुधाचा कट्टा सांगतो. मुरगूडच्या पलीकडच्या त्या टेकडीच्या उताराबद्दल मात्र आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला लागलो की आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि विषय बदलते. म्हणून ती माहेरी गेली आहे तोवर लिहून टाकतो.

माझ्या पोटात व्रण होता. रिकाम्या पोटी जळायचं, जेवलो की घटकाभर बरं वाटायचं आणि मग आतून कुणी निखारा फिरवल्यासारखं व्हायचं. तिखटाचा मी जन्मापासूनचा भक्त, पण वर्षभर दूधभातावर होतो. पुण्याच्या डॉक्टरांनी खडूच्या पाण्यासारखं काहीतरी पाजून फोटो काढला आणि म्हणाले, "पावडरी घ्या, दूध प्या. संक्रांतीपर्यंत फरक पडला नाही तर कापावं लागेल." 'कापावं' हे त्यांनी दुधीभोपळ्याबद्दल बोलावं इतक्या सहज म्हटलं. आमच्या दादाला, माझ्या थोरल्या भावाला, याच दुखण्यासाठी टेबलावर घेतलं होतं, आणि तो टेबलावरून उठला नाही. मला मरणाची भीती वाटत होती. उगाच दुसरे शब्द शोधण्यात अर्थ नाही.

भाऊबिजेला कोल्हापूरहून अक्का आली. ही माझी थोरली बहीण, लग्न होऊन तिकडे गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. ओवाळताना माझ्या गळ्याची हाडं बघून तिचा हात थांबला. ताट खाली ठेवून म्हणाली, "एक भाऊ देऊन झाला. दुसरा द्यायची नाही मी. चल माझ्याबरोबर."

"डॉक्टर काय म्हणतील?" आमच्या हिनं विचारलं.

"काय म्हणायचं ते संक्रांतीनंतर म्हणू देत की," अक्का म्हणाली, आणि माझी पिशवी स्वतःच भरायला लागली.

कोल्हापूर

संस्थान विलीन होऊन चारपाच वर्षं झाली असतील. अक्काचं घर राजारामपुरीत. तेव्हा तिथल्या गल्ल्या पाटीवर आखल्यासारख्या सरळ होत्या आणि घरं मात्र तुरळक, मधे मोकळे प्लॉट आणि त्यांत चरणाऱ्या म्हशी. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, शाळेत मास्तर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गदगदून हसले. "पोट बिघडलं म्हणून कोल्हापुरात येणारा मानूस मी पयल्यांदाच बघतोय. लोक हितनं बिघडवून घिऊन जात्यात."

खोटं नव्हतं ते. संध्याकाळी चार घरांतून मसाला भाजल्याचा वास यायचा आणि माझ्या तोंडाला पाणी, पोटाला आग असं एकदमच व्हायचं. शेजारणीनं रश्श्याची वाटी आणून दिली. मी नको म्हटलं तर ती रुसली, कारण सांगितलं तर हळहळली, आणि थोड्या वेळानं खिरीची वाटी घेऊन परत आली. आमच्या पुण्यात पाहुण्यानं नको म्हटलं की आपण मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतो. इथे 'नको' हा शब्द कुणाला ऐकूच येत नाही. गल्लीत नुसती नजरानजर झाली तरी "या की पावणं, बसा" म्हणून माणूस तुमचं मनगटच धरतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, भांडण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मला गंगावेशीला धारोष्ण दूध प्यायला नेलं. कट्ट्यापाशी म्हशी बांधलेल्या, गवळी तुमच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. शेजारी लाल मातीनं माखलेले पैलवान घटाघटा पीत उभे. या गावात मला बिनधोक घेता येईल असं हे एकच होतं, म्हणून मी लहान मुलासारखा खूश झालो होतो.

गवळ्यानं वर न बघताच विचारलं, "पावणं, पोटाचं दुखनं न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हात कुठं हाय बघा की तुमचा."

माझा डावा हात बेंबीच्या वर दाबून धरलेला होता. तो तसा असतो हे मला ठाऊकही नव्हतं.

"बापू पैलवानाकडं चाललासा?" तो म्हणाला. दाजींनी होकाराची मान हलवली; अक्का मला ज्याच्या औषधासाठी घेऊन आली होती तो हा. गवळ्याचे हात आचळांवर जरा थांबले. "जावा. गुन येतोय. फकस्त दीस सांगा म्हंजे झालं."

"कसला दिवस?"

"दूध निवतंय. प्या," एवढं बोलून तो पुढच्या म्हशीकडे वळला. मी दाजींना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. त्यांना कधी पोटाचं काही झालेलं नव्हतं.

मुरगूड

अक्का आणि मी एसटीनं मुरगूडला उतरलो. कडेला दुतर्फा ऊस उभा, आणि गुऱ्हाळांचा गोड धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर बसलेला. बापू पैलवान बैलगाडी घेऊन थांबला होता. माणूस दाराएवढा. कान कुस्त्यांत मोडून मुटकुळी झालेले, मान नाहीच म्हटलं तरी चालेल, आणि आवाज मात्र आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा हळू. औषधाची विद्या त्याच्या सासूची. तिला मुलगा नव्हता, मुलगी बाळंतपणात गेली, म्हणून ती विद्या जावयाकडे आली.

वाटेत एका गुऱ्हाळावर लोकांनी गाडी अडवली. चुलाण्यावर काहील, म्हणजे रसाची भली मोठी कढई, खदखदत होती. गरम गूळ उसाच्या कांडक्यावर घेऊन एकानं माझ्यापुढे धरला. बापूनं तो माझ्या हातातून काढून अक्काला दिला आणि म्हणाला, "ह्यो उताराचा पावना हाय." बस्स, एवढंच. पण कढईभोवतीचं हसणं-बोलणं खाली बसलं. ज्यानं गूळ दिला होता तो धोतराला हात पुसत म्हणाला, "आमच्या आत्तीला इच्यारलं म्हनून सांगा." कुणाला सांगायचं, ते मला कळलं नाही. बापू म्हणाला, "सांगतो," आणि बैल हाकले.

वस्तीपासून थोडं चढून गेलं की तो उतार. सूर्य कलायला लागला होता. माती तांबडी, इतकी की चपलांच्या पट्ट्यांत बसलेली ती पुढे कितीतरी दिवस निघाली नाही. आणि त्या मातीत, ओळीनं नव्हे, जत्रेत माणसं उभी राहतात तशी कुठेही कशाही, शतावरीच्या वेली काठ्यांवर चढवलेल्या. तुम्ही शतावरी पाहिली नसेल तर सांगतो. पानं बडीशेपेच्या झाडासारखी बारीक, दुरून हिरवा धूरच वाटतो. जवळ गेलात की वाकडे काटे कपडे धरतात आणि सोडत नाहीत. खरं औषध जमिनीखाली असतं, पांढऱ्या जाड मुळांचा झुबका. त्याचा रस काढून दुधातून द्यायचा, पोटातल्या व्रणावर साय धरते म्हणतात.

प्रत्येक वेलीच्या पायथ्याशी एकेक दगड होता. बापू पुढे चालत, लग्नघरात नव्या माणसाला ओळख करून द्यावी तसा, बोलत होता. "ह्यो मुरगूडचा नामा शिंपी. ही गारगोटीकडची कासारीन. त्यो तिकडं कोपऱ्यात एकटा हाय, त्यो धनगर. तुमच्या गुऱ्हाळवाल्याची आत्ती ही. आत्ती, भाच्यानं इच्यारलंय बरं का."

मला वाटलं, गंमत करतोय. अक्काच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिनं पदर डोक्यावर घेतला होता.

मग बापूनं सांगितलं ते असं. दुखणेकऱ्यासाठी वेल खणली की मुळं घ्यायची, पण वेलीचा गड्डा एका मुळासकट परत मातीत लावायचा, त्या माणसाच्या नावानं. दुखणं मुळांबरोबर त्याच्या पोटात विरतं, आणि जे विरत नाही ते इथे वेलीत राहतं. माणूस आपल्या घरी, वेल इथे. माणूस मेला तरी वेल राहते.

"नामा गेला गेल्या शिमग्याला," बापू म्हणाला. "पोटानं न्हाय. पान लागलं." म्हणजे साप चावला. "वर समदं वाळलंया. पर खाली मूळ हाय. हलवून बघा."

मी वाळलेली वेल हलवून पाहिली. ती हलली नाही. खालून कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखी ती होती तिथेच राहिली, आणि मी हात काढून घेतला.

माझी वेल अजून कुणाच्या नावाची नव्हती, पाखरांनी टाकलेल्या बियांतून उगवलेली. रिवाज असा की खणायच्या आदल्या संध्याकाळी वेलीला आवतण द्यायचं, म्हणजे जेवणाचं निमंत्रण. पायथ्याशी हळद लावलेल्या अक्षता आणि सुपारी ठेवायची, हात जोडून बोलवायचं, आणि सकाळी न्यायचं. न बोलावता उपटलेलं औषध म्हणजे चोरीचा माल, त्याला गुण नाही. मला हा रिवाज आवडला. मनात आलं, आपल्याकडे माणसांनाही इतकं नीट कुणी विचारत नाही.

बापूनं अक्षता माझ्या हातावर ठेवल्या. "पावण्याला बोलवतासा तसं बोलवा. मनापासनं."

इथे माझी चूक झाली, आणि ती पुण्याच्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. मी अक्षता वाहिल्या, सुपारी ठेवली, हात जोडले. पाहुण्याला बोलवतो तसं, असं तो म्हणाला होता. आमच्याकडे पाहुण्याला कसं बोलवतात? सगळ्या घराला एकदम, हसऱ्या तोंडानं, आणि तिथीवार न सांगता. जन्मभर जिभेवर घोटलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. समोरच्या वेलीवरून माझी नजर सभ्यपणे सगळ्या उतारावर फिरली आणि मी म्हणालो, "या एकदा आमच्याकडे सगळ्यांनी. सवड काढून या."

अक्कानं माझा दंड इतक्या जोरात धरला की नखं लागली.

रातकिडे बोलायला लागले होते, ते थांबले. वारा नव्हता. पण उतारावरच्या त्या बारीक पानांतून एक हालचाल वरून खालपर्यंत गेली, सभेत मागच्यानं पुढच्याला काही सांगावं आणि त्यानं त्याच्या पुढच्याला, तशी. मग तीही थांबली. बापू पैलवान मटकन दगडावर बसला. एवढा मोठा माणूस असा बसलेला बघून मला पहिल्यांदा त्या उताराची भीती वाटली.

"काय केलं मी?"

"दीस सांगितला न्हाईसा," तो म्हणाला. "उद्या या म्हनायचं असतंय. येक दीस, येक पावना. औषध त्या दिशी पोटात गेलं की पावना जेवला, संपलं. तुम्ही तर समद्यांस्नी बोलवून ठिवलं, आनि सवडीनं."

"आमच्याकडे तसंच म्हणतात हो. त्याचा अर्थ कुणी येत नाही असाच असतो."

बापूनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पावणं, हितं तसं कुनी म्हनत न्हाय. ह्यांस्नी काय ठावं?"

"परत बोलवता येईल का? नीट?"

"दिलेलं आवतान माघारी घ्यायचं म्हंजे दारातनं उपाशी घालवल्यागत झालं की. मग औषध कशाला ऱ्हातंय पोटात?"

अक्का म्हणाली, "काय करायचं ते सांगा बापू. मला भाऊ पाहिजे."

बापूनं बराच वेळ माती चाळवली. "करायचं काय? रोज दुपारी येक पान जास्तीचं वाढा. तिखाट न्हाय, आंबाट न्हाय. हे समदे पोटाचे दुखनेकरी हायती. जो यील त्याला जेवू घाला, नाव गाव इच्यारलं तर चालंल, कवा जानार म्हनून इच्यारू नगा. समदी जेवून गेली की गुन पुरा. तवर येईल जाईल दुखनं."

सकाळी

रात्र वस्तीवर काढली. उजाडताना परत चढून गेलो. रिवाज असा की उपटताना आपली सावली वेलीवर पडता कामा नये आणि लोखंड लावायचं नाही. म्हणून खैराच्या लाकडाची मेख घेऊन मी पूर्वेकडे तोंड करून ओणवा बसलो, सावली मागे गेली. तेवढ्यात अक्का हळूच म्हणाली, "वसंता, खाली बघ."

काल अक्षता वाहिल्या होत्या त्या फक्त माझ्या वेलीपाशी. आज तिथे सुपारी तेवढी होती. आणि आसपासच्या प्रत्येक दगडाशी, नामा शिंप्याच्या, कासारणीच्या, पार कोपऱ्यातल्या धनगराच्यासुद्धा, हळदीचे पिवळे दोनचार दाणे पडलेले. पाखरांनी नेले म्हणावं तर पाखरं अशी मोजून वाटत नाहीत. बापूनं ते पाहिलं. आम्ही तिघंही घाईनं कामाला लागलो.

मुळं निघाली ती बोटांसारखी, पांढरी, ओली, एकमेकांत गुंतलेली. बापूनं सोलून, ठेचून, रस गाळला आणि गरम दुधात दिला. चव गोड, मागून किंचित कडू. पोटात गेल्यावर आत कुणीतरी थंड हात ठेवला असं वाटलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. अक्का तर उघड उघड रडली.

मग बापूनं गड्डा परत मातीत लावला, दगड ठेवला, माती थोपटली. "ह्यो तुमचा," तो म्हणाला. "आता तुम्हीबी हितं हाय."

निघताना गाडीत चढता चढता माझ्या मनात आलं ते मी थट्टेनं विचारलं. "बापू, मी सगळ्यांना म्हणालो तेव्हा माझी वेल कुठे होती? ती काही या आवतणात धरायची नाही ना?"

बापू हसला नाही. बैलांच्या कासऱ्याकडे बघत म्हणाला, "कालबी ती वेल हितंच हुती की. नाव नव्हतं येवढंच. तुम्ही 'सगळ्यांनी' म्हनालासा."

पुणे

उरलेल्या मुळांची पिशवी घेऊन मी घरी आलो. हिला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकलेली, अंगारेधुपारे न मानणारी बाई. म्हणाली, "औषध देईन. बाकीचं कोल्हापूरला ठेवा." पण माझं तोंड पाहून दुसऱ्या दिवसापासून तिनं दुपारी एक पान जास्त वाढायला सुरुवात केली. दूधभात, मुगाचं वरण, उकडलेला दुधीभोपळा. संध्याकाळी ते गाईला जायचं. शेजारी विचारायचे, कुणी यायचंय का? ती म्हणायची, "यांच्या माहेरचे."

दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. संक्रांत जवळ आली आणि पुन्हा निखारा फिरायला लागला. मी रजा घेऊन घरी पडून होतो, तेव्हा एका दुपारी दारात एक बारका माणूस उभा राहिला. डोक्याला टोपी, पाय अनवाणी. कडी वाजवली नाही. नुसता उभा.

"आवतान हुतं," तो म्हणाला.

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठूही शकलो नाही. तिनं पाट मांडला आणि पान पुढे केलं. तो मुकाट्यानं जेवला, फार सावकाश, पोट सांभाळून जेवणारा माणूस जेवतो तसा. लोणचं नको म्हणाला. जेवण झाल्यावर त्याची नजर माझ्या सदऱ्यावर गेली. "गुंडी लोंबतीया," म्हणत त्यानं टोपीच्या काठात खोचलेली सुई काढली, माझ्याजवळ बसला आणि गुंडी शिवून दिली. दोरा दातानं तोडताना त्याचा श्वास माझ्या गळ्याला लागला. तो गार होता, ओल्या मातीचा वास असलेला. "खांद्यातबी वडतंय. माप चुकलंया," एवढं बोलून तो उठला.

"नाव काय आपलं?" हिनं विचारलं.

"नामा म्हनत्यात."

तो गेला. हात धुतलेल्या जागी मोरीत तांबडी माती राहिली होती. मी हिला नामा शिंपी सापानं गेल्याचं सांगितलेलं होतं. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. ती गुंडी अजून निघालेली नाही. सदरा विटला, गुंडी घट्ट आहे.

त्या दिवसापासून मला उतार पडला आणि डॉक्टरांनी कापाकापी पुढे ढकलली. पुढे मधे बरेच दिवस जायचे, मग निखारा पेटायचा, आणि मग दुपारी कुणीतरी यायचं. कासारीण आली. जेवून झाल्यावर हिचे हात हातांत घेऊन बांगड्या बघत बसली आणि "माप लहान हाय, पोरी, हाडाला लागतंय" म्हणाली. गुऱ्हाळवाल्याची आत्या आली, तिला मी भाच्याचा निरोप सांगितला, ती लाजून हसली. घोंगडीवाला धनगर आला, तो घरात शिरायला तयार नव्हता, पायरीवरच जेवला. मग कुणी कुणी ज्यांची नावं बापूनं सांगितली नव्हती ते. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही नेलं नाही. आरंभी ही पान दुरूनच पुढे सरकवायची. पुढे पुढे ती म्हणायला लागली, "बिचारी भुकेली येतात." मला मात्र सवय झाली नाही. प्रत्येक वेळी मानेवरचे केस उभे राहायचे, आणि प्रत्येक वेळी पोट शांत व्हायचं.

वर्ष उलटलं. मग बरेच महिने कुणी आलं नाही. मला वाटलं, संपलं. आणि त्या उन्हाळ्यात दुखणं असं उसळलं की पूर्वीचं काहीच नव्हे. उलटीत रक्त पडलं. डॉक्टर या वेळी थांबायला तयार नव्हते. उद्या सकाळी दवाखान्यात या म्हणाले. दादाचं टेबल माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्या दिवशी मी कचेरीत फक्त रजेचं सांगायला गेलो आणि टांग्यानं दुपारी लवकर घरी परत आलो. खाली उतरताना लक्षात आलं, दुखत नाही. कमी नाही, अजिबात नाही. दुखरा दात पडून गेल्यावर जीभ तिथे चाचपते, तसं मी पोट चाचपत जिना चढलो.

ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला बघून थबकली.

"परत का आलात?"

"परत म्हणजे?"

"आत्ता तर जेवून गेलात," ती म्हणाली. "लवकर आलात म्हणून विचारलं तर काही बोलला नाहीत. जास्तीच्या पानावरच बसलात. तिखट नको म्हणालात. उद्याची धास्ती घेतली असेल म्हणून मी पण गप्प राहिले. फक्त..."

"फक्त काय?"

"अनवाणी होतात. पायाला माती होती, म्हणून मी ओरडलेसुद्धा."

माझ्या पायात बूट होते. काळे, सकाळी तिनंच पुसून ठेवलेले. स्वयंपाकघरात पाटासमोर उष्टं पान होतं, भाताचं शीतही न सांडता साफ केलेलं. दूधभात कडेकडेनं संपवत मधे यायची माझी लहानपणापासूनची रीत आहे. पानावर बोटांचे माग तसेच उमटले होते, कडेनं गोल. मी पाटाला हात लावला. तो गार होता आणि किंचित ओला.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पुढे होऊन माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कान चाचपले, मनगट दाबून नाडी पाहिली. "तुम्हीच ना?" तिनं विचारलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी हो म्हणालो, आणि म्हणताना माझा आवाज मला ओळखीचा वाटतो का ते ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पुन्हा ते पांढरं पाणी पाजून फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर उलटसुलट करून पाहिला. जुना वण होता, व्रण नव्हता. "नशीबवान आहात," म्हणाले आणि घरी पाठवलं. अक्काला कळवलं तेव्हा ती देवीची ओटी भरून आली. त्यानंतर आमच्याकडे जास्तीचं पान वाढलं जात नाही आणि कुणी येतही नाही.

मी आता तिखट खातो. कोल्हापूरचा मसाला अक्का दरवर्षी पाठवते. पण दुपारी जेवायला आलो की ही पान हातात घेऊन उंबऱ्याशी थांबते, आणि वाढण्याआधी माझ्या पायांकडे बघते. ती बघून झाली की मीही बघतो.